घाट उतरणारा नमुना, घाट चढणारं उत्तर



संसर्गजन्य रोगांवरची व्याख्यानं सहसा पुण्या-मुंबईच्या गार सभागृहांत होतात. पडद्यावर आलेख येतात, वक्ता लाल ठिपका फिरवत बोलतो आणि शेवटी चहा मिळतो. इथे तोरणमाळलाही चहा मिळेल असं संयोजकांनी सांगितलं आहे. आलेख मात्र मी आणलेले नाहीत. संशोधन, निदान आणि उपचार यांतली प्रगती हा मला दिलेला विषय. तो मी एकाच मोजपट्टीने मोजणार आहे. माणसाचा बेडका किंवा रक्ताचा थेंब घेतला, त्या क्षणापासून त्याच माणसाच्या हातात नेमकं औषध पडेपर्यंत किती दिवस गेले? शोध कोणत्या साली लागला हे पुस्तकात सापडतं. तो सातपायरीचा घाट चढून वर कधी आला, हे पुस्तकात नसतं.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गौरवाची भाषणं सहन होत नसत असं मी ऐकून आहे. म्हणून थेट विषयाला हात घालतो.

प्लेगपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात रोगजंतूंच्या संशोधनाला खरा धक्का प्लेगनेच दिला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला. सरकारला ते पटवून द्यायलाच त्यांना बरेच कष्ट पडले. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तीन महिन्यांत लस! आज कोविडच्या लशीच्या वेगाचं कौतुक करताना हा आकडा आपण विसरतो. हाफकिन संस्थेचं नाव आपण ऐकतो ते याच माणसाचं.

आणि १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे नेमक्या दोन महिन्यांनी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंबई-पुणे रेल्वे तेव्हा सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली होती. लस नुकती हाती आली होती, मुंबईतही थोड्याच लोकांना मिळाली होती. ती पुण्यात नव्हती म्हणून कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसांत पुण्यात आलं काय, ते पाहा. रँडसाहेबाची प्लेग कमिटी आली आणि गोरे सोजीर आले. घरं उघडून झडत्या घेतल्या गेल्या, सामान जाळलं गेलं, बायामाणसांची तपासणी झाली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. म्हणजे ज्या वेळी सोजीर देवघरात शिरत होते, त्या वेळी रोग कशामुळे पसरतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, पुढचं तुम्ही शाळेत वाचलं आहे.

कोविडच्या काळात सातपुड्याच्या पाड्यांवर लशीची भीती पसरली होती. तपासणीची गाडी दिसली की माणसं शेतात, जंगलात निघून जात. त्यावर शहरातले लोक हसले. हसणाऱ्यांनी १८९७ चं पुणं आठवावं. तिथे वकील होते, प्राध्यापक होते, संपादक होते, आणि तेही घरातला रुग्ण लपवत होते. दारात येणारा माणूस आपल्याला बरं करायला आला आहे की उचलून न्यायला, हे ज्याला कळत नाही तो लपतो. त्याच कोविडात नर्मदेच्या काठावरच्या पाड्यांपर्यंत स्वतः होडी वल्हवत जाणारी अंगणवाडीसेविका याच नंदुरबार जिल्ह्यातली. तिच्यापासून कोणी लपलं नाही, कारण ती ओळखीची होती.

आता आपल्या आजाराकडे येतो. आपला म्हणजे टीबी, क्षय.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. काचपट्टीवर बेडका पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या शोधायच्या. थोड्याफार सुधारणा सोडल्या तर पुढची शंभराहून अधिक वर्षं आपण हेच करत आलो. ही पद्धत वाईट नाही. स्वस्त आहे, आणि लाखो माणसांचा जीव तिने वाचवला आहे. पण तिची नजर अधू आहे. एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा ते काचेवर दिसतात. त्याहून कमी असले की उत्तर येतं 'निगेटिव्ह', माणूस घरी जातो, खोकत राहतो, आणि झोपडीतल्या धुरात त्याच्या शेजारी निजणारं पोर तीच हवा घेतं. दुसरी खोट त्याहून मोठी. जंतू दिसला तरी तो औषधाला दाद देणारा आहे की निर्ढावलेला, हे काचेवर कळत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागत, म्हणजे कल्चर. क्षयाचा जंतू कमालीचा आळशी आहे, अंड्याच्या माध्यमावर त्याला वाढायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. नव्या द्रव माध्यमातही सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते.

आठ आठवडे म्हणजे तोरणमाळच्या हिशेबात काय होतं ते बघा. दिवाळी झाली की अक्राणीतून, अक्कलकुव्यातून माणसं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. बिऱ्हाड, कोंबड्या, पोरं सगळं ट्रकमध्ये. निघायच्या आधी कोणी बेडका दिला असेल तर तो नमुना घाट उतरून शहाद्याला, नंदुरबारला, तिथून आणखी दूरच्या प्रयोगशाळेत जाई. उत्तर तयार होई तेव्हा माणूस बारडोलीकडच्या कुठल्या तरी फडात. तो परतायचा होळीला. उत्तर कागदावर बरोबर असे, फक्त ते ज्याचं होतं तो तिथे नसे. आपल्याकडच्या टीबीच्या लढाईतला खरा शत्रू मला कित्येकदा जंतूपेक्षा हे दोन महिने वाटले आहेत.

या दोन महिन्यांना पहिला मोठा छेद गेला तो जनुकीय तपासणीने. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्या यंत्राला मान्यता दिली, त्याला आपले लॅबवाले सीबीनॅट म्हणतात. जंतू वाढवत बसायचं नाही, त्याच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. एका तुकड्याचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा तीस फेऱ्या झाल्या की एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात, मग न दिसणारं दोन तासांत दिसू लागतं. शिवाय रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का, हेही त्याच दोन तासांत कळतं, कारण तो निर्ढावतो तेव्हा त्याच्या एका जनुकात ओळखू येणारे बदल झालेले असतात. आठ आठवड्यांचं काम दोन तासांवर आलं.

पण सीबीनॅट मोठ्या घरचं यंत्र. त्याला एसी हवा, अखंड वीज हवी, धूळ चालत नाही. त्यामुळे ते जिल्ह्याच्या ठिकाणी बसलं. यंत्राचे दोन तास झाले, पण घाटाचे दिवस तसेच राहिले. पावसाळ्यात दरड कोसळली की नमुन्याचा डबा वरच.

मला ज्या यंत्राचं खरं अप्रूप वाटतं ते आपल्या शेजारचं आहे. बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत घडलेलं आणि गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मोलबायो कंपनी बनवते ते ट्रूनॅट. दोन छोट्या पेट्या. पहिल्या पेटीत बेडक्यातला डीएनए वेगळा होतो, वीसेक मिनिटांत. दुसरीत नखाएवढी चिप घालायची, त्यावर एक थेंब सोडायचा, आणि आणखी पाऊणएक तासात उत्तर. रिफाम्पिसिनची चाचणी करायची तर वेगळी चिप आणि आणखी तासभर. पेट्या बॅटरीवर चालतात. एसी लागत नाही. रसायनांना फ्रीज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ट्रूनॅटची शिफारस केली आणि त्याच वर्षी कोविडच्या तपासणीलाही हीच पेटी उपयोगी पडली. तेव्हा मात्र तिच्यावर क्षयाच्या तपासण्या मागे पडल्या, हेही सांगायला हवं.

जगात ज्या यंत्रांची चर्चा होते, त्यांतली बहुतेक श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांसाठी बनतात आणि मग ती आपल्याकडे कशी वापरायची यावर परिषदा भरतात. ट्रूनॅट बनवणाऱ्यांनी आधीच धरून चाललं की वीज जाणार आहे, उकाडा असणार आहे, धूळ येणार आहे. संशोधनातला हा शहाणपणा मला नोबेलच्या तोडीचा वाटतो. नोबेल समितीला तसं वाटणार नाही, तो भाग वेगळा.

म्हणून सगळं झालं का? नाही. पेटी वर येते, चिपा संपतात. चिपा येतात, तंत्रज्ञाची बदली होते. तंत्रज्ञ येतो, तर रुग्णच पाच तासांच्या वाटेवर असतो आणि झोळी-बांबूलन्सशिवाय त्याला आणायची सोय नसते. खोकला नसलेल्या क्षयाचं काय, हा प्रश्न तर त्याहून अवघड. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात दिसलं की फक्त लक्षणं विचारून शोध घेतला असता तर जवळपास ४३ टक्के रुग्ण सुटले असते. त्यांना खोकला, ताप काही जाणवत नव्हता. ते सापडले छातीच्या एक्स-रेमुळे. 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?' हा प्रश्न आशाताईंनी वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे विचारला, आणि तो प्रश्नच अपुरा होता. आता हातात धरता येतो असा, पाठपिशवीत मावणारा एक्स-रे आला आहे. तो फोटो वाचायला डॉक्टर नसेल तर संगणकाची प्रणाली वाचते आणि संशय असेल तिथे खूण करते. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली जगभर वापरात आहे. अशा प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली, पंधरा वर्षांवरच्यांसाठी. डॉक्टर नसलेल्या जागी डॉक्टर नेमायचं सोडून यंत्र नेमलं, अशी तक्रार कोणी केली तर मी तिला विरोध करणार नाही. पण डॉक्टर येईपर्यंत फोटो बंद पाकिटात पडून राहावा, हेही मला मान्य नाही.

लहान मुलांचा घोळ वेगळाच. मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. पूर्वी त्याच्या नाकातून नळी घालून, उपाशीपोटी, पोटातलं पाणी काढावं लागे. ते रुग्णालयातच होई आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी वेगळं. गिळलेला जंतू शेवटी शौचातून बाहेर पडतोच. तिथून त्याचा डीएनए शोधायला आता मान्यता आहे. ही मला या काही वर्षांतली अत्यंत दयाळू सुधारणा वाटते, आणि तिची बातमी कुठल्याही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली नाही.

आता उपचारांकडे वळू. स्ट्रेप्टोमायसिन चाळीसच्या दशकात आलं, पण क्षयाचा रोगी अजून सॅनिटोरियममध्येच राहायचा. मिरजेला वानलेसवाडीत, मुंबईला शिवडीत. मग १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, चांगलं जेवण आणि विश्रांती. दुसरा आपल्याच खोलीत, आपल्याच भाकरीवर, फक्त औषध तेच. १९५९ साली निष्कर्ष आला: दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. जगभरची सॅनिटोरियम ओस पडण्यात या अभ्यासाचा मोठा हात होता. घरी राहून क्षय बरा होतो, हे जगाला भारतातल्या गरिबांनी शिकवलं.

यातून एक चुकीचा अर्थही निघाला आणि तो साठ वर्षं टिकला. औषध असेल तर जेवणाची फार फिकीर नको, असं आरोग्यखात्यांनी मनाशी धरलं. मद्रासचा अभ्यास होता आजार झालेला माणूस बरा होतो का, याबद्दल. आजार होऊच नये म्हणून अन्न काय करतं, हा प्रश्न त्यात विचारलाच नव्हता. तो विचारला झारखंडमध्ये, डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने. 'राशन्स' नावाचा हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. २८०० रुग्णांना महिन्याला शिधा दिला. तो सगळ्याच रुग्णांना दिला, कोणाला उपाशी ठेवून अभ्यास केला नाही. निम्म्या गटात मात्र त्यांच्या घरच्या माणसांनाही तांदूळ-डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. घरातली अशी दहा हजारांवर माणसं. ज्या घरांत सगळ्यांना शिधा गेला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. माणशी पाच किलो धान्य आणि दीड किलो डाळ, एवढ्याच्या आसपास ही मात्रा होती. आणि रुग्णांमध्ये ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी दिसला.

इथे कुपोषणावर बोलायला मी परका माणूस, तुम्ही ते रोज बघता. फक्त हे लक्षात घ्या की नंदुरबारसारख्या जिल्ह्यात डाळ ही क्षयाची लस आहे, असं म्हणायला आता पुरावा आहे. सरकारने निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये दिले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. चांगलं केलं. पैसे मात्र बँकखात्यात जातात, आणि खातं चालू ठेवायला माणसाला घाट उतरावा लागतो. झारखंडमध्ये शिधा घरपोच गेला होता. हा फरक बारीक नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची गोष्ट अधिक कडवट आहे. त्याचे उपचार दोन-दोन वर्षं चालत. महिनोन् महिने इंजेक्शनं आणि त्यांनी कान कायमचे जात. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांचं वृत्त छापलं. तपासलेल्या सगळ्या औषधांना त्यांचा जंतू दाद देत नव्हता. सरकारी पातळीवर आधी वाद झाला तो त्या आजाराला काय म्हणावं यावर. वादाचा एक फायदा मात्र झाला, मुंबईतली तपासणी वाढली.

त्यानंतर वर्षभरात, डिसेंबर २०१२ मध्ये, बेडाक्विलिन आलं. क्षयासाठी नव्या तऱ्हेचं औषध यायला चाळीसेक वर्षं लागली होती. आपल्याकडे ते २०१६ पासून मोजक्या केंद्रांवर मिळू लागलं, तेही अटींवर. ते बनवणाऱ्या कंपनीला त्यावरचा पेटंटचा हक्क आणखी वाढवून हवा होता. त्याला हरकत घेणाऱ्या दोघी जणी होत्या, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघी क्षयातून वाचलेल्या, आणि उपचारांतल्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली. औषधाच्या किमतीचा निकाल रुग्णांनी घडवून आणला, हे मला त्या औषधाच्या शोधाइतकंच मोठं वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने चार औषधांचा नवा संच मंजूर केला: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. सहा महिने, सगळ्या गोळ्या, एकही इंजेक्शन नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला रोजचं इंजेक्शन देणं अशक्यच होतं. गोळ्या बोचक्यात बांधून नेता येतात.

अर्थात गोळ्या असल्या तर. २०२४ च्या मार्चमध्ये साध्या क्षयाच्या औषधांचाच देशात असा तुटवडा झाला की केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधं आपापल्या पातळीवर खरेदी करायला सांगितली. ज्या देशाने २०२५ ही क्षयमुक्तीची मुदत जाहीर केली होती, त्या देशात! २०१५ मध्ये लाखामागे २३७ असलेलं नव्या रुग्णांचं प्रमाण २०२३ मध्ये १९५ वर आलं, ही घट खरी आहे आणि जगाच्या सरासरीपेक्षा चांगली आहे. पण मुदतीत जे बोललो ते त्याच्या कितीतरी पुढचं होतं.

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. जानेवारी-फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरू लागल्या. व्यावसायिकांना वाटलं, ही नेहमीची राणीखेत, मानमोडी. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं: एच५एन१, बर्ड फ्लू. भारतातली ही पहिली साथ. ज्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथे विषाणूने सीमा पाळावी अशी अपेक्षाच नव्हती; पलीकडे उच्छलमध्येही तो निघाला. तीन किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. कामगारांचे, आजारी माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. माणसात एकही लागण निघाली नाही. नवापूर मात्र उद्ध्वस्त झालं. २०२१ मध्ये तिथे पुन्हा बर्ड फ्लू आला.

त्या वेळी नंदुरबारच्या कोंबडीचं निदान मध्य प्रदेशात व्हावं लागलं, यावर पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धीच पटते. असे घातक विषाणू हाताळायला प्रत्येक तालुक्यात प्रयोगशाळा असूच नये. चूक होती ती नमुना उशिरा निघण्यात, भोपाळ दूर असण्यात नव्हे. पुण्यात पाषाणला विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षा-पातळीची प्रयोगशाळा २०१२ मध्ये उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला चाकांवरची, बसमधली तिसऱ्या पातळीची प्रयोगशाळा सुरू झाली. साथ जिथे आहे तिथे प्रयोगशाळाच जाते. ती बस सातपायरी चढेल का, हे मात्र एसटीच्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरला विचारलेलं बरं.

हिवतापाबद्दल थोडक्यात. आशाताईच्या पिशवीतली किट बोटातल्या एका थेंबावर पाव तासात उत्तर देते, म्हणजे माझ्या मोजपट्टीवर हिवताप क्षयाच्या कितीतरी पुढे आहे. अडचण पुढे आहे. व्हायव्हॅक्स हिवताप यकृतात दडून राहतो आणि पुन्हा उलटतो, म्हणून चौदा दिवस प्रायमाक्विन द्यावं लागतं. रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. ही उणीव आदिवासी समाजांत जास्त आढळते, सिकलसेलही भिल्ल-पावरा समाजात आहे. हिवतापाच्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांच्या रक्ताने हिवतापाशी केलेला हा जुना करार आहे. सिकलसेलचा एक जनुक असलेल्याला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं. तेव्हा सातपुड्यात हिवतापाची गोळी देताना सातपुड्याचं रक्त आधी तपासायला हवं. गोळी घेतल्यावर लघवी काळपट झाली तर गोळी थांबवायची आणि दवाखाना गाठायचा, एवढं तरी प्रत्येक घराला ठाऊक हवं. हिवतापाची आर-२१ ही लस पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला जागतिक मान्यता मिळाली. ती आफ्रिकेतल्या मुलांना जाते, कारण तिथे फाल्सिपेरम हिवतापाने मरणारी मुलं फार आहेत, आणि ते योग्यच आहे.

आता शेवटचं, आणि हे भाषणापेक्षा ठराव म्हणून ऐका. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग पेसा कायद्याच्या क्षेत्रात आहे, तिथे ग्रामसभेला अधिकार आहेत. त्या अधिकारात आपण रस्ता मागतो, वीज मागतो. यापुढे एक साधी नोंद मागा. गावातल्या प्रत्येक बेडका-तपासणीपुढे तीन तारखा: नमुना कधी घेतला, उत्तर कधी आलं, पहिली गोळी कधी दिली. माणसाचं नाव नको, त्याचा आजार चव्हाट्यावर नको. फक्त तारखा, आणि दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत त्यांचं वाचन. चिपा संपल्या असतील तर त्या तारखांत दिसेल. तंत्रज्ञ नसेल, औषध नसेल, घाट बंद असेल, तेही दिसेल. ऊसतोडीला निघण्याआधीच्या महिन्यातले आकडे वेगळे काढा. उत्तर यायच्या आत किती जण निघून गेले, ते त्यांतच सापडेल. असे रुग्ण गुजरातेतल्या ज्या गावी जातात, तिथल्या आरोग्यकेंद्राला त्यांचा निक्षय क्रमांक आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्यांची मागणी आधीच कळवणं तालुक्याच्या टीबी सुपरवायझरला शक्य आहे. त्यासाठी नवा शोध लागत नाही, फोन लागतो. रेंज इथल्या यशवंत तलावाच्या वरच्या अंगाला येते असं मघाशी एका ताईंनी सांगितलं.

प्रश्न असतील तर विचारा. पावरीत विचारा, भिलीत विचारा, आशाताई मला मराठीत सांगतील.